१.९८ म्हणजे दोनच!

अकरावीच्या रसायनशास्त्रात दरवर्षी एक बेवारस पदार्थ सापडतो. प्रश्न असा असतो: 'एका सेंद्रिय संयुगात कार्बन ४० टक्के, हायड्रोजन ६.७ टक्के आणि ऑक्सिजन ५३.३ टक्के आहे. त्याचा एम्पिरिकल फॉर्म्युला काढा.' पदार्थाचं नाव नाही, रंग नाही, वास नाही, तो कुठल्या कपाटातून निघाला त्याचा पत्ता नाही. ज्या गृहस्थाने त्यातला हायड्रोजन दशांशापर्यंत मोजला, त्याला बाटलीवरची चिठ्ठी वाचायला काय झालं होतं, हे विचारायची सोय नाही. एवढं सगळं मोजून तो ऐन वेळी अंग काढून घेतो आणि उरलेली तीन ओळींची आकडेमोड सोळा वर्षांच्या मुलांवर टाकून जातो.

एम्पिरिकल फॉर्म्युला म्हणजे अणूंचं सगळ्यात साधं प्रमाण. ते काढायची रीत तशी सोपी आहे. पहिली पायरी: पदार्थ शंभर ग्रॅम आहे असं समजा. म्हणजे टक्के तेच ग्रॅम. अख्ख्या अकरावीत विद्यार्थ्याच्या मनासारखी झालेली ही एकमेव गोष्ट. दुसरी पायरी: प्रत्येकाला त्याच्या त्याच्या अणुवस्तुमानाने भागा. ४० ला १२ ने, ६.७ ला १ ने, ५३.३ ला १६ ने. आले ३.३३, ६.७ आणि ३.३३. तिसरी पायरी: यातला जो सगळ्यात लहान, त्याने सगळ्यांना भागा. एरवी लहानांना कोणी विचारत नाही. इथे लहान असेल तो 'एक' ठरतो आणि थोरामोठ्यांनी आपली किंमत त्याच्या हिशेबात सांगायची असते. उत्तर येतं १, २.०१ आणि १. चौथी पायरी पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेली असते: 'जवळचा पूर्णांक घ्या.'

रसायनशास्त्राचं सगळं इंगित त्या अर्ध्या ओळीत आहे. जे शास्त्र ब्युरेटवरची रेघ डोळ्यांच्या पातळीत आणून वाचायला लावतं, एक थेंब जास्त पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतं, तेच शास्त्र शेवटच्या क्षणी 'घ्या जवळचा' म्हणून मोकळं होतं. आता जवळचा म्हणजे किती जवळचा? इथे पुस्तक पान उलटतं.

२.०१ म्हणजे दोन, यावर वर्गात एकमत असतं. १.९८ म्हणजेही दोनच. दहावीचा निकाल लागला की ८९.८० टक्केवाल्याचे आईवडील शेजारी 'नव्वद' सांगतात आणि पेढा हातात असल्यामुळे शेजारीही ते मान्य करतात, त्यातलाच हा प्रकार. पेच पुढे पडतो. कुंडीला लावायचा गेरू घ्या. त्याचा लाल रंग लोखंडाच्या ज्या ऑक्साइडमुळे येतो, त्यात लोखंड ६९.९४ टक्के आणि ऑक्सिजन ३०.०६ टक्के. भागाकार केले की १.२५ आणि १.८८, लहानाने भागलं की १ आणि १.५. आता दीड म्हणजे दोन की एक? एकही नाही आणि दोनही नाही. इथे दोघांनाही दोनने गुणायचं असतं. लोखंड दोन, ऑक्सिजन तीन: एफईटूओथ्री. चुंबकी दगडात तेच गुणोत्तर १.३३ येतं, तिथे तीनने गुणायचं. एफईथ्रीओफोर.

पण वर्गातला एक मोठा, उदारमतवादी गट दीडचे सरळ दोन करतो आणि एफईओटू लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वर्षानुवर्षं परीक्षक या पदार्थावर लाल रेघ मारत आले. आणि २०१६ साली संशोधकांनी लोखंडाचं हेच ऑक्साइड खरोखर तयार केलं! त्यासाठी ७६ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या साडेसात लाख पट दाब आणि सुमारे दीड हजार अंश सेल्सियस तापमान लागलं. पृथ्वीच्या पोटात खोलवर असतो तसा. तेव्हा मुलांची रसायनं चुकीची नव्हती, परीक्षेचा दाब तेवढा कमी पडला.

अशा वेळी पहिल्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, 'सर, १.९ आलं तर?' सर म्हणतात, 'तसं येत नाही.' आणि ते खोटं बोलत नसतात. पेपर काढणाऱ्याने आधी उत्तर ठरवून त्यावरून उलटे टक्के काढलेले असतात, त्यामुळे आकडे सुलट जाताना गुणी बाळासारखे वागतात. खऱ्या पदार्थांना ही शिकवण कोणी दिलेली नाही.

पूर्णांकाचं हे वेड लावलं मँचेस्टरच्या जॉन डाल्टन नावाच्या मास्तरांनी. मूलद्रव्यांचे अणू असतात, ते एकाला एक, एकाला दोन असे सुटे सुटे जोडले जातात, अर्धा अणू कोणाच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी १८०८ च्या पुस्तकात मांडलं. विचार थोर होता. पण एकाला किती, हे कळायचं कसं? सूत्र काढायचं तर अणुवस्तुमान हवं आणि अणुवस्तुमान काढायचं तर सूत्र हवं. पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजनला आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो, एवढंच तराजू सांगतो. अणू एकास एक असतील तर ऑक्सिजनचं वस्तुमान ८; दोनास एक असतील तर १६. दोन्ही हिशेब चोख जुळतात, कुठल्याही ऑडिटरला चूक सापडायची नाही. डाल्टनने मार्ग काढला: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर एकास एकच धरा. का? कारण ते सोपं. त्यामुळे पाणी झालं 'एचओ'. त्यातून त्याच्या मोजणीत आठाचे सातच आले होते, तो भाग निराळा.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये गे-लुसॅकने छापलं की वायूंची आकारमानं सुरेख पूर्णांकांत जुळतात. दोन भाग हायड्रोजनला बरोबर एक भाग ऑक्सिजन. पूर्णांकांच्या आद्य भक्ताला आनंदाचं भरतं यायला हवं होतं. डाल्टन म्हणाला, या माणसाची मोजणी नीट नाही. दुसऱ्याने काढलेला पूर्णांक आपल्याला नेहमीच जरा ओढूनताणून काढल्यासारखा वाटतो.

मुळात संयुगाचं प्रमाण ठरलेलं असतं, हेसुद्धा भांडूनच ठरलं आहे. स्पेनमध्ये नोकरी करणाऱ्या प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये दाखवलं की तांब्याचं कार्बोनेट खाणीतलं घ्या नाहीतर प्रयोगशाळेत बनवा, घटकांचं प्रमाण तेच. यालाच आपण स्थिर प्रमाणाचा नियम म्हणतो. त्याच्या विरोधात उभा राहिला बर्थोले. हा नेपोलियनबरोबर इजिप्तच्या स्वारीवर जाऊन आलेला मोठा असामी. त्याचं म्हणणं, प्रमाण परिस्थितीप्रमाणे बदलतं, निसर्ग काही कारकून नाही. आठेक वर्षं दोघांनी एकमेकांचे नमुने तपासले, दोष काढले, उत्तरं छापली; आणि एकदाही सभ्यता सोडली नाही. या सगळ्या प्रकरणात विश्वास बसायला सगळ्यात अवघड जर काही असेल तर ते हेच. निकाल प्रूस्तच्या बाजूने लागला आणि बर्थोले पाठ्यपुस्तकात 'हरलेला गडी' म्हणून एका ओळीत जाऊन बसला.

पूर्णांक एकदा अंगात भिनले की माणूस थांबत नाही. लंडनमधल्या विल्यम प्राउट या डॉक्टरने १८१५ मध्ये निनावी लेख लिहून सुचवलं की सगळ्या मूलद्रव्यांची वस्तुमानं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत, म्हणजे सगळं विश्व हायड्रोजनच्याच विटांनी बांधलेलं. निनावी लिहिण्याइतपत सावधपणा त्याने दाखवला, ग्लासगोच्या थॉमस थॉमसनने तोही दाखवला नाही. त्याने १८२५ मध्ये प्रयोगांचा मोठा ग्रंथच काढला आणि त्यात सगळे आकडे प्राउटला हवे तसे आले, एकजात पूर्ण पटीत. स्टॉकहोमहून बर्झेलियसने अभिप्राय दिला, त्याचा मथितार्थ असा की यातले बरेच प्रयोग प्रयोगशाळेत नव्हे, लिहिण्याच्या टेबलावर झालेले दिसतात.

बर्झेलियसला हे बोलायचा अधिकार होता. आज आपण मूलद्रव्यांसाठी जी अक्षरं लिहितो ती पद्धत त्याची. सुमारे दोन हजार संयुगं तपासून त्याने अणुवस्तुमानांचे तक्ते केले, आणि तेही स्वयंपाकघराला लागून असलेल्या प्रयोगशाळेत, जिथली भांडी घासायला त्याची स्वयंपाकीण ॲना असायची. एकदा ती एका भांड्याला अमुक वास येतो म्हणाली आणि वायूचं जुनं लांबलचक नाव तिने घेतलं. बर्झेलियसने तिला सांगितलं, की ॲना, आता असं म्हणायचं नाही, क्लोरीन म्हणायचं; असा किस्सा सांगतात. प्राउटच्या स्वप्नाचं वाटोळं केलं ते नेमकं या क्लोरीननेच. त्याचं वस्तुमान कितीही वेळा मोजा, ३५.५ च्या आसपास यायचं; ना ३५, ना ३६. तेव्हा हायड्रोजनऐवजी अर्धा हायड्रोजन हे एकक धरू या, असेही तोडगे निघाले. विसाव्या शतकात ॲस्टन या शास्त्रज्ञाने उलगडा केला: क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे, ३५ चे आणि ३७ चे, साधारण तीनास एक. साडेपस्तीस ही नुसती सरासरी होती. शंभर वर्षं जो आकडा पूर्णांक व्हायला तयार नव्हता, त्याचं म्हणणं खरं निघालं.

लिहिण्याच्या टेबलावर प्रयोग करण्याची थॉमसनची परंपरा मात्र आपल्या कॉलेजांनी निष्ठेने जपली आहे. मॅग्नेशियमची फीत मुशीत जाळून ऑक्साइडचं सूत्र काढायचं असतं. झाकण उघडलं की पांढरा धूर बाहेर जातो, म्हणजे वजन घटलं. झाकण लावलं की ऑक्सिजन आत येत नाही, म्हणजे ज्वलन अर्धवट. शिवाय हवेतला नायट्रोजन, जो एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, तो इथे मॅग्नेशियमशी संसार थाटतो. एकास एक यायचं ते एकास पाऊण येतं. पण उत्तर एमजीओ आहे हे सगळ्या बॅचला ठाऊक असतं. मग रीडिंगं उत्तरापासून सुरू होऊन उलट दिशेने तराजूपर्यंत जातात, आणि जर्नलमध्ये १.००२ अशी नोंद होते. थोडा फरक मुद्दाम ठेवायचा असतो. अगदी एक आलं तर बाईंना संशय येतो.

मोरचुदाचंही तेच. त्यात ३६ टक्के पाणी असतं, तांब्याच्या सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू. तापवलं की निळा रंग जाऊन पांढरी भुकटी राहते. वजनातला फरक म्हणजे पाणी. हे पाणी ४.६ आलं तरी लोक पाचच लिहितात. बाजारातल्या स्फटिकी धुण्याच्या सोड्याने तर कमालच केली आहे: त्यात शेकडा ६३ भाग पाणी. एक किलो घेतलात तर त्यात ६३० ग्रॅम पाणी कोरडं ठणठणीत होऊन बसलेलं असतं, आणि ग्राहक मंचात तक्रार करता येत नाही, कारण ते सूत्रातच लिहिलेलं आहे. बरणी उघडी ठेवली तर ते हळूहळू उडून जातं. मग बरणीतल्या सोड्याचं गुणोत्तर रोज वेगळं येतं, आणि मालकाला वाटतं सोडा कोणीतरी वापरतंय.

टेबल सोडून खरोखर मोजायचं ज्यांनी मनावर घेतलं त्यांच्यात जर्मनीतल्या गीसेनच्या लीबिगचं नाव मोठं. पदार्थ जाळायचा, त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड. पाणी एका नळीत शोषून घ्यायचं, आणि कार्बन डायऑक्साइडसाठी त्याने १८३१ मध्ये पाच काचगोळ्यांचं त्रिकोणी उपकरण केलं. गोळ्यांत पोटॅशचं द्रावण. आधी वजन, नंतर वजन, फरक तो कार्बनचा. हे उपकरण अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही आहे. ऑस्ट्रियात फ्रिट्झ प्रेगल पित्तातल्या आम्लांवर काम करत होता आणि त्याच्या हाती पदार्थ पडायचा चिमूटभर. ढीगभर पित्त गोळा करण्यापेक्षा त्याने मोजण्याची पद्धतच लहान केली. काही मिलिग्रॅममध्ये काम भागायला लागलं. त्याबद्दल त्याला १९२३ चं नोबेल मिळालं. पित्त वाढू न देता मिळवलेला सन्मान म्हणून त्याची वेगळी नोंद व्हायला हवी.

या पद्धतीत एक मात्र अन्याय झाला. कार्बन मोजला, हायड्रोजन मोजला, नायट्रोजन मोजला. ऑक्सिजन सहसा मोजतच नाहीत. शंभरातून बाकीचे वजा करायचे, उरेल तो ऑक्सिजन. तराजूचा दोष, नळीची गळती, मोजणाऱ्याची डुलकी, सगळ्यांच्या चुका मुकाट्याने त्याच्या खात्यावर जमा होतात. आपल्या बेवारस पदार्थात ऑक्सिजन ५३.३ टक्के, म्हणजे घरातला कर्ता तो, आणि त्यालाच कोणी विचारलेलं नाही.

तर तो पदार्थ. आपलं उत्तर आलं सीएचटूओ. आता पुस्तकाच्या मागच्या पानावर पाहावं तर हे सूत्र कोणाकोणाचं आहे? जीवशास्त्राच्या बरणीत बेडूक ज्यात बुडवून ठेवतात त्या फॉर्मॅलिनमधला फॉर्माल्डिहाइड: सीएचटूओ. चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल: तेच, फक्त दुप्पट. दह्याला आंबट करणारं लॅक्टिक आम्ल: तिप्पट. आणि आजाऱ्याला देतात ते ग्लुकोज: सहापट. टक्के सगळ्यांचे हुबेहूब तेच. एवढी यातायात करून आपण सिद्ध काय केलं, तर पदार्थ एकतर पौष्टिक आहे नाहीतर बेडूक टिकवण्याचा आहे. मग प्रश्नाच्या दुसऱ्या भागात परीक्षक दिलदारपणे सांगतो: 'रेणुवस्तुमान १८० आहे.' म्हणजे सहापट. हे आधी सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं?

तरी आजचा परीक्षक रेणुवस्तुमान देतो तरी. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक जण आपापल्या अणुवस्तुमानाने भागत होता, त्यामुळे उत्तरं प्रत्येकाची वेगळी. केकुले या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसिटिक आम्लाची तेव्हा चलनात असलेली १९ सूत्रं छापली. पाठांतर करणाऱ्या मुलांच्या वतीने आपण शतक-दीड शतक उशिरा जन्मलो याबद्दल आभारच मानायला हवेत. हा गोंधळ आवरायला १८६० च्या सप्टेंबरात कार्ल्सरूह गावी युरोपभरचे सव्वाशेहून जास्त रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवस चर्चा झाली आणि परिषदांच्या रिवाजाप्रमाणे काहीही ठरलं नाही. परतताना मात्र त्यांच्या हाती कॅनिझारो या रसायनशास्त्रज्ञाची एक पुस्तिका पडली. ती ज्यांनी घरी जाऊन वाचली, त्यांचा ८ की १६ हा प्रश्न सुटला.

आणि रेणुसूत्र बिनचूक मिळालं म्हणून निश्चिंत व्हावं, तर तेही नाही. मध ज्यामुळे गोड लागतो त्यातलं फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, दोघांचं रेणुसूत्र एकच. १८२० च्या दशकात तरुण लीबिगने चांदीच्या फल्मिनेटचं विश्लेषण केलं. हा पदार्थ नुसता धक्का लागला तरी फुटतो. तिकडे व्होलर या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने चांदीचं सायनेट तपासलं. हा आपला शांत. टक्के दोघांचे तेच! लीबिगला वाटलं, व्होलरला मोजता येत नाही. तपासाअंती दोघांचेही आकडे बरोबर निघाले, दोघे जन्माचे मित्र झाले, आणि अशा जोड्यांना बर्झेलियसने १८३० मध्ये 'आयसोमर' हे नाव दिलं. तेच अणू, तेवढेच अणू, मांडणी वेगळी. टक्के पाहून बाटली हाताळायची नसते, एवढा धडा दोघांनाही हात शाबूत असताना मिळाला.

आता यंत्रं आली. संशोधनपत्रिका नवं संयुग छापताना म्हणतात, मोजलेले टक्के आणि हिशेबाचे टक्के यांत ०.४ पेक्षा जास्त फरक नको. 'जवळचा घ्या' मधलं जवळ म्हणजे किती, याला शेवटी आकडा मिळाला. पण निसर्गाने परिपत्रक वाचून तो आकडा आपलासा केलेला नाही. वुस्टाइट नावाचं लोखंडाचं ऑक्साइड आहे. पुस्तकात त्याचं सूत्र एफईओ, एकास एक. प्रत्यक्षात त्यात लोखंड थोडं कमीच पडतं. एका ऑक्सिजनमागे साधारण ०.९५, कधी त्याहून कमी. स्फटिकात लोखंडाच्या काही जागा चक्क रिकाम्या असतात. इथे तराजू चुकलेला नाही, विद्यार्थी आळशी नाही, नळी गळत नाही. पदार्थच पूर्णांकात बसत नाही, आणि त्याचं प्रमाण परिस्थितीप्रमाणे बदलतं. म्हणजे बर्थोले म्हणत होता तसं! विसाव्या शतकात कुर्नाकोव या रशियन शास्त्रज्ञाने अशा संयुगांना त्याच्याच नावावरून 'बर्थोलाइड' म्हटलं. हरलेल्या गड्याचा निकाल शंभर वर्षांनी फिरला, तोही फक्त काही पदार्थांपुरता.

म्हणून १.९८ चे दोन करावेत, दीडचे करू नयेत आणि ०.९५ समोर आलं की आधी तराजू तपासावा, मग स्वतःला तपासावं आणि दोन्ही ठीक असतील तर पदार्थाचं म्हणणं ऐकून घ्यावं. दोनशे वर्षांत रसायनशास्त्र एवढं तारतम्य शिकलं. परीक्षेत मात्र वुस्टाइटचं सूत्र एफईओच लिहा. ०.९५ लिहून आलात तर गुण मिळतील शून्य; आणि तो पूर्णांकच असेल.